‘याड लागलं’चं कूळ

लातूर-नांदेड रस्त्यावरच्या चाकूरला नवरदेवाचा परण्या निघतो तेव्हा पुढं बँड असतो आणि त्यातला ट्रंपेट किंवा क्लॅरिनेट कुणालाच परका वाटत नाही. पलटणीच्या बँडमधून ही वाद्यं लग्नाच्या दारात आली आणि घरचीच झाली. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत, सोनीच्या ध्वनिमुद्रण दालनात, सिंफनी वाद्यवृंदाकडून संगीत वाजवून घेतलं. ‘याड लागलं’ हे त्यातलंच. मराठी गाण्याला परदेशी साज चढला, एवढंच म्हणून हा विषय संपत नाही. हा साज आपल्याकडं आधीपासून होता. मध्ये तो हातचा गेला होता.

त्याचं कूळ गोव्यात सापडतं. पोर्तुगीज अमदानीत तिथल्या चर्चच्या शाळांत पोरं स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकली, मग पोटासाठी मुंबईच्या स्टुडिओंत आली. संगीतकाराला सुचलेली चाल कागदावर उतरवायची, व्हायोलिनला काय, चेलोला काय, हॉर्नला काय, याची वेगवेगळी पानं लिहायची, हे काम सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी केलं. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत सिंफनी वाद्यवृंद उभारला. संगीतकार प्यारेलाल त्यांचेच शिष्य. पुढं सिंथेसायझर आला, एकेक वाद्य वेगळं मुद्रित होऊ लागलं आणि पन्नास-साठ वादकांनी एका दालनात एकदम वाजवणं मागं पडलं.

मग ‘सैराट’चं ध्वनिमुद्रण मुंबईतच का केलं नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण तो संगीतकारांपेक्षा वादकांना वाऱ्यावर सोडणाऱ्या धंद्याला लागू पडतो. संगणकात व्हायोलिन असताना एवढा खर्च कशाला, असंही कुणी विचारेल. संगणक साठवलेला सूर पुन्हा वाजवतो. दालनात प्रत्येकाचा गज केसभर वेगळा फिरतो, आणि त्या केसभर फरकांच्या बेरजेतून सूर फुगतो, श्वास घेतल्यासारखा वर येतो. तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: एवढ्या वाद्यांखाली बोली दबत नाही का? उत्तर गाण्याच्या पहिल्याच शब्दात आहे. ‘वेड’चं ‘येड’, ‘येड’चं ‘याड’ हा उच्चार शाळेत चूक ठरतो. इथं तो हसण्यासाठी आलेला नाही. अख्खा वाद्यवृंद त्याच्या पाठीशी उभा राहतो. २०१८ च्या ‘धडक’मध्ये हीच चाल हिंदीत गेली, पण ‘याड’ मागंच राहिलं. चाल परमुलखात जाऊ शकते, वाद्यं तर तिकडूनच आलेली. हा शब्द मात्र इथल्या मातीत राहिला, आणि म्हणून गाणं आपलं आहे.