क्रीमच्या खाली पिवळा

अण्णांची (माझे थोरले काका) फियाट दिघीच्या अंगणात रंगवायला काढली आहे, हे घरच्या मंडळींना माहीत आहेच. बाकीच्यांसाठी सांगतो. १९७४ची प्रीमियर पद्मिनी, आम्हा पोरांच्या आठवणीत कायम क्रीम कलरची. खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याने दारांचे पत्रे खालून खाल्ले होते. इंजिन, सीटा सगळं झालं, उरला तो रंग.

पेंटर पॉलिश पेपरने घासायला लागला आणि छपरावर क्रीमखालून पिवळा निघाला. दारांवर काळा. काळ्याखाली थेट प्रायमर. म्हणजे गाडी पहिल्या दिवसापासून टॅक्सी! अण्णा मुंबईत टॅक्सी चालवायचे हे ठाऊक होतं, पण ती हीच, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

जुन्या गाड्यांचे शौकीन म्हणतात, मूळ रंगच मारा. पण मूळ रंग तरी कसा ठरतो? फोर्डची मॉडेल टी १९१४ ते १९२५ फक्त काळी मिळायची, कारण ते स्वस्त आणि सोयीचं होतं. त्या काळात गाडीचे रंग वाळायलाच आठवडे लागत. मग १९२३-२४च्या सुमारास ड्यूपाँ आणि जनरल मोटर्सने 'ड्यूको' आणला. तो काही तासांत वाळायचा, आणि रंगीत गाड्या सर्वसामान्यांच्या आवाक्यात आल्या. ती कंपनी कुठली, हे माहीत नसलेले आपले गॅरेजवालेसुद्धा अजून 'ड्यूको मारला' म्हणतात. गंमत आहे.

पद्मिनीची गोष्ट आपल्याच घरची. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर गाड्या बनू लागल्या. १९६४ला आलेली ११०० डिलाइट पुढे 'प्रेसिडेंट' झाली आणि १९७४मध्ये 'पद्मिनी'. मुंबईत टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असं कित्येक वर्षं समीकरण होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३च्या ऑक्टोबरअखेर तीही गेली. तेव्हापासून सगळ्यांना काळ्या-पिवळीचं प्रेम आलंय. रोज त्यात घामाघूम होताना कुणाला आलेलं मी तरी पाहिलं नाही!

मीही त्यातलाच. पिवळं छप्पर करायचं, हे मी मनात ठरवूनसुद्धा टाकलं होतं. पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना २०२१च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते, गाडी मूळ रूपात असावी लागते, वगैरे मी काकूला ऐकवलं.

काकू तांदूळ निवडत होती. म्हणाली, "गावाला आणायच्या आधी त्यांनी पहिलं काम केलं ते पिवळा झाकायचं. बावीस वर्षं कुणीही हात केला की थांबायचे. आता ही माझी गाडी, हिला कुणी हात करायचा नाही, म्हणाले."

मग कुठला मूळ रंग घेऊन बसलात?

मागच्या काचेच्या रबराखाली ऊन न लागलेला क्रीमचा पट्टा सापडला, आम्ही समजत होतो त्याहून चांगलाच पिवळसर. त्यावरून शेड जुळवून आणली आणि दोन हात झालेत. डिकीच्या झाकणाची आतली बाजू मात्र पेंटरला घासू दिली नाही. तिथे काळा तसाच आहे.