पुढचं कार्ड येईपर्यंत थांबायचं का? परम ८००० पासून आजच्या ग्राफिक्स कार्डपर्यंत

पेट-नेटची तयारी करणारे किंवा नुकतेच पीएचडीला लागलेले ज्युनिअर्स मला हमखास एक प्रश्न विचारतात. "दादा, ग्राफिक्स कार्ड आत्ताच घेऊ की नवी सिरीज येईपर्यंत थांबू?" निम्म्यांना ते गेमिंगसाठी हवं असतं, निम्म्यांना मॉडेल ट्रेन करायला. खरं सांगायचं तर बहुतेकांना दोन्हीसाठी. संशोधनाच्या नावाखाली घरून गेमिंग कार्डाचे पैसे मागणं मीही केलंय, त्यामुळे लपवाछपवी नको.

मी राहुरीत डाळिंबाच्या फोटोंवर काम करतो. फळावरचा तेल्या रोग फोटोवरून ओळखता येतो का, हा माझा विषय. २०२४ च्या मे महिन्यात माझ्याकडे चार जीबीचं जीटीएक्स १६५० होतं आणि नवी ५० सिरीज येणार अशी सगळीकडे चर्चा होती. मी थांबायचं ठरवलं. त्या थांबण्याची किंमत शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास बघू, कारण हा प्रश्न आपल्या पिढीचा नाही आणि त्याचं एक चांगलं उत्तर इथून दीडएकशे किलोमीटरवर, पुण्यात दिलं गेलं होतं.

पुण्यातली गोष्ट

१९८० च्या दशकात भारताला सुपरकॉम्प्युटर हवा होता. तेव्हा सुपरकॉम्प्युटर म्हणजे अमेरिकेतल्या क्रे कंपनीचं यंत्र. हवामानाच्या अंदाजासाठी क्रे एक्स-एमपी/१४ दिल्लीला मिळालं, पण अनेक अटींसह. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी त्याहून ताकदवान यंत्र हवं होतं, ते मिळालं नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. प्रमुख होते डॉ. विजय भटकर, मूळचे अकोला जिल्ह्यातले. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे ३० कोटी रुपये, एवढ्यात देशी सुपरकॉम्प्युटर बनवायचा होता.

त्यांची परिस्थिती तुमच्यासारखीच होती असं समजा. हवं ते यंत्र मिळत नाही, बाजारात जे आहे ते एकेकटं कमी पडतं आणि तारीख मात्र ठरलेली. क्रेच्या तोडीची एकच प्रचंड वेगवान चिप बनवायची म्हटलं असतं तर तीन वर्षं कुठच्या कुठे गेली असती. त्यांनी बाजारात मिळणारी चिप घेतली: ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा टी-८०० ट्रान्सप्युटर. एकटा ट्रान्सप्युटर क्रेपुढे काहीच नाही. पण त्याला शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी चार जोडण्या मुळातच दिलेल्या होत्या. असे अनेक एकत्र गुंफायचे आणि मोठं गणित तुकड्यातुकड्यांत वाटून द्यायचं, अशी ही कल्पना. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

आपल्या प्रश्नासाठी महत्त्वाचा भाग यापुढे आहे. १९९१ मध्येच इनमॉसने पुढच्या पिढीचा टी-९००० जाहीर केला. टी-८०० च्या दहापट वेग, असं आश्वासन होतं. कागदावर तर जग बदलणारी चिप. जर्मनीतल्या पार्सिटेक कंपनीने आपलं नवं मोठं यंत्र या टी-९००० भोवतीच आखलं. पण ती चिप लांबत गेली, ठरलेला वेग तिला कधीच गाठता आला नाही आणि शेवटी तो कार्यक्रमच गुंडाळला गेला. पार्सिटेकला आधी जुन्या ट्रान्सप्युटरवर आणि नंतर पॉवरपीसीवर यावं लागलं.

पुण्यात मात्र परम ८००० च्या पाठोपाठ परम ८६०० आला. त्यात गणनेसाठी इंटेलची आय-८६० चिप जोडली होती. त्यानंतर १९९४ च्या सुमारास सनच्या स्पार्क चिपवरचा परम ९०००, १९९८ मध्ये परम १००००. दर वेळी चिप वेगळी, काही वेळा कंपनीही वेगळी. मग टिकलं काय? समांतर प्रोग्रॅम कसा लिहायचा, गणित कसं वाटायचं, चूक कुठे शोधायची, हे माणसांना आलेलं होतं. 'पारस' नावाची प्रोग्रॅमिंगची चौकट त्यांनी परमसाठीच उभी केली होती. हे शहाणपण टी-८०० वर काम करून आलं, टी-९००० ची वाट बघून नव्हे.

एक गंमत. याच आय-८६० कुटुंबातल्या चिप्स तेव्हा सिलिकॉन ग्राफिक्सच्या रिअॅलिटी इंजिनमध्येही होत्या, म्हणजे त्रिमितीय चित्रं काढणाऱ्या महागड्या यंत्रात. वैज्ञानिक गणित आणि चित्रं यांचं नातं इतकं जुनं आहे. २०२० मध्ये सी-डॅकचा परम सिद्धी-एआय जगातल्या ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीत ६३ वा आला, तो एनव्हीडियाच्या ए-१०० वर उभा आहे, म्हणजे आपल्या गेमिंग कार्डाच्या थोरल्या भावावर.

थांबण्याचं गणित

थांबणं नेहमीच मूर्खपणा असतं का? नाही. १९९९ मध्ये अॅरिझोना विद्यापीठातल्या काही खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यावर एक अर्धा विनोदी, पण गणित पक्कं असलेला निबंध लिहिला. संगणकाचा वेग दर १८ महिन्यांनी दुप्पट होत असेल तर मोठं गणित आत्ता सुरू करावं की आराम करून नंतर नव्या मशीनवर करावं?

हे आपणही करून बघू. १८ महिन्यांत दुप्पट म्हणजे महिन्याला साधारण ३.९ टक्के वाढ. एक महिना थांबलात तर कामाचा वेळ जवळपास तेवढ्याच टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे वाट बघण्यात घालवलेला महिना वसूल व्हायचा असेल तर मूळ काम सुमारे २६ महिन्यांपेक्षा मोठं हवं. त्याहून लहान काम असेल तर आजच सुरू करा. निबंधाचं उत्तरही हेच आहे.

आता यात आजचा वेग घाला. समजा, तेवढ्याच पैशांत मिळणारा वेग दुप्पट व्हायला १८ ऐवजी ४८ महिने लागतात. मग ती सीमा २६ वरून सुमारे ६९ महिन्यांवर जाते. म्हणजे पावणेसहा वर्षं सलग चालणारं ट्रेनिंग असेल तरच थांबण्यात अर्थ. अख्खी पीएचडी त्याआधी संपायला हवी, निदान सरांची तशी अपेक्षा असते.

४८ हा आकडा मी उदाहरणासाठी घेतला, पण किमती बघा. जीटीएक्स १०८० मे २०१६ मध्ये ५९९ डॉलरला आलं. आरटीएक्स २०८० सप्टेंबर २०१८ मध्ये ६९९ ला, ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ ला, ४०८० नोव्हेंबर २०२२ मध्ये ११९९ ला आणि ५०८० जानेवारी २०२५ मध्ये ९९९ ला. दर दोन-सव्वादोन वर्षांनी पिढी बदलते, हे बऱ्यापैकी पक्कं. पण 'तेवढ्याच पैशांत' हे गृहीतक पक्कं नाही.

शिवाय जाहीर किंमत आणि दुकानातली किंमत यात फरक असतो. ३०८० आलं तेव्हा ६९९ हा आकडा ऐकून लोक खूश झाले, पण चिप्सचा तुटवडा आणि इथेरियमचं मायनिंग यामुळे कार्ड त्या भावात मिळेचना. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केलं आणि जुनी कार्डं बाजारात आली. कार्डाचे स्पेसिफिकेशन कितीही वाचले असते तरी यातलं काही आधी कळलं नसतं.

आणि नवं म्हणजे सगळंच जास्त, असंही नाही. ३०६० वर १२ जीबी मेमरी होती. पुढच्या पिढीच्या ४०६० वर ८. गेम खेळणाऱ्याला ४०६० जास्त वेगवान वाटेल, पण ज्याचं मॉडेल ८ जीबीत मावत नाही त्याच्यासाठी हा अपग्रेड उलटा आहे. जानेवारी २०२५ मध्ये लास व्हेगासला "५४९ डॉलरमध्ये ४०९० ची कामगिरी" अशी ५०७० ची घोषणा झाली. ती मुख्यतः एआयने मधल्या फ्रेम तयार करण्यावर उभी होती. गेममध्ये त्याचा उपयोग आहे, पण तेल्याचे फोटो ओळखायला मधल्या फ्रेम काय कामाच्या?

मग ठरवायचं कसं?

गेमिंगसाठी: आधी तुमचा मॉनिटर बघा. ६० हर्ट्झचा १०८०पी स्क्रीन असेल आणि तुमचा गेम आत्ताच ६० फ्रेम देत असेल तर नव्या कार्डाने डोळ्यांना काही वेगळं दिसणार नाही. फ्रेम कमी पडत असतील तर गेम चालू असताना कार्डाचा वापर किती टक्के आहे ते तपासा. तो ५०-६० टक्क्यांवरच राहत असेल तर अडथळा बहुधा प्रोसेसरचा आहे. गेमिंगमध्ये थांबल्याने कुठली डेडलाइन जात नाही, म्हणून लाँचची तारीख अधिकृतपणे जाहीर झालेली असेल आणि ती महिन्या-दीड महिन्यावर असेल तर खुशाल थांबा. जुन्या कार्डाचा भावही उतरू शकतो. नुसत्या अफवांवर मात्र थांबू नका.

संशोधनासाठी: वेग कमी असेल तर थांबू नका, मशीन रात्रभर चालू द्या. मेमरी कमी पडत असेल तर आधी बॅच लहान करा, फोटोचा आकार कमी करा, ग्रेडियंट साठवून अपडेट करा. तरीही मावत नसेल तर आज जे कार्ड मिळतं त्यात जास्तीत जास्त मेमरीचं घ्या. लाइट जाणार हे गृहीत धरून दर काही मिनिटांनी चेकपॉइंट सेव्ह करा, हे राहुरीकरांना वेगळं सांगायला नको.

माझा हिशोब

मे २०२४ पासून मी थांबलो. "कार्ड आलं की एकदमच ट्रेनिंग करू" म्हणत त्या पावसाळ्यात, मृग बहारात, फक्त फोटो काढत राहिलो. कार्डं २०२५ मध्ये आली, पण माझ्या बजेटच्या वरच. शेवटी कंटाळून जुन्या १६५० वरच लहान फोटो घेऊन ट्रेनिंग लावलं. चार रात्रींत पहिला निकाल आला. त्यात दिसलं की मॉडेल ढगाळ उजेडातल्या ओल्या, निरोगी फळांनाही तेल्या म्हणतंय. कारण साधं होतं. मी बागेत जाऊन फक्त रोगट फळांचे फोटो काढले होते. पावसात भिजलेली निरोगी फळं मी टिपलीच नव्हती.

हीच चार रात्रींची चाचणी मी जून २०२४ मध्ये केली असती तर ही चूक जुलैत कळली असती आणि बागेत फळं असतानाच सुधारता आली असती. कळली ती फेब्रुवारीत. मृग बहाराचे तसे फोटो मिळायला पुढचा पावसाळा उजाडावा लागला. सरांना हे सांगायला गेलो तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "कार्ड आलं का मग?"

ते अजूनही घेतलेलं नाही. या पावसाळ्यात रोज संध्याकाळी दिवसभराचे फोटो त्याच जुन्या कार्डावर चालवून बघतोय आणि दुसऱ्या दिवशी बागेत काय टिपायचं ते त्यावरून ठरवतोय. तुम्हीही थांबायचं ठरवणार असाल तर एक कागद घ्या. थांबण्याच्या त्या महिन्यांत कोणतं पीक, कोणता नमुना, कोणता ऋतू निघून जाणार आहे ते त्यावर लिहा. कागद कोरा राहिला तर थांबायला हरकत नाही.