कच्चं लिंबू आणि गोठवणारी तलवार

मागच्या व्याख्यानात आपण प्रशियापर्यंत आलो होतो. फॉन राइसविट्झ या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने 1824 मध्ये लष्करासमोर मांडलेला युद्धखेळ, त्यातले नकाशे, फासे आणि निवाडा करणारा पंच हे सगळं आपण पाहिलं. आज तिथून दीडशे वर्षं पुढे जायचं आहे. पण आधी आमच्या घरातला एक प्रसंग सांगतो.

आमची नात आणि तिचे चार मित्र दर रविवारी आमच्या दिवाणखान्यात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. चौघं एकेक पात्र घेतात, पाचवा गोष्ट चालवतो, राक्षसांच्या वतीने फासे टाकतो. नातीने स्वतःच्या योद्ध्यासाठी एक तलवार तयार केली. वार लागला की शत्रू एक फेरी गोठणार. पुस्तकात अशी तलवार नाही, पण घरचे नियम करायला या खेळात मोकळीक आहे. त्या रविवारी गाठ होती एकट्या ड्रॅगनशी. तो बिचारा बहुतेक वेळ पुतळ्यासारखा उभा! जखमा बऱ्या करणारं पात्र ज्या मुलाकडे होतं, त्याला कामच उरलं नाही. थोड्या वेळाने त्याने मोबाइल काढला. पुढच्या रविवारी तो आला नाही. आम्ही विचारलं तर नात म्हणाली, "पण आजोबा, आम्ही जिंकलो ना!"

आता इतिहासाकडे वळू. हा खेळ 1974 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पेटीत तीन छोट्या पुस्तिका आणि पात्रांचे तीन वर्ग: योद्धा, जादूगार आणि धर्मगुरू. हा धर्मगुरू आला कुठून? आर्नेसन मिनेसोटात मित्रांबरोबर 'ब्लॅकमूर' नावाचा खेळ खेळत असे. त्यात एका खेळाडूचं पात्र रक्तपिपासू व्हँपायर झालं, 'सर फँग'. ते इतकं बलाढ्य झालं की कुणालाच आवरेना. मग त्याला तोड म्हणून व्हँपायर पळवणारा धर्मगुरू निर्माण झाला. म्हणजे बघा, आज जगभर खेळला जाणारा हा वर्ग मुळात एका टेबलावरची घरगुती दुरुस्ती होती. त्यालाही फुकट काही मिळालं नाही. 1974च्या नियमांत धर्मगुरूला धारदार शस्त्र वर्ज्य होतं आणि पहिल्या पातळीवर एकही मंत्र नव्हता.

दुसरं उदाहरण चोराचं. ही कल्पना कॅलिफोर्नियात, सँटा मोनिकाच्या एका दुकानात जमणाऱ्या खेळाडूंची. ती गायगॅक्सपर्यंत पोचली आणि 1975च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीत चोर हा वर्ग अधिकृत झाला. कुलूप उघडणं, सावलीत लपणं, भिंत चढणं, पाठीमागून वार करणं, ही त्याची कामं. ऐकायला छान. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे एक खाच दिसते. चोर येण्याआधी लपायचं कुणी? कुणीही! खेळाडूने युक्ती सांगायची, पंचाने मान्य करायची. 'लपणे' हे चोराचं खास कौशल्य ठरलं, तेव्हा इतरांच्या हातून ते आपोआप निसटलं. आणि चोराला तरी काय मिळालं? 1978च्या खेळाडूंच्या पुस्तकात पहिल्या पातळीच्या चोराला लपण्याची मूळ शक्यता फक्त 10 टक्के होती. एकाला दिलेली परवानगी ही बाकीच्यांवरची बंदी ठरू शकते. नवी शक्ती रचणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावं.

मग समतोल म्हणजे सगळ्यांना सारखं देणं का? तोही प्रयोग झाला आहे. 2008च्या चौथ्या आवृत्तीत सुरुवातीला सर्व वर्गांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या: काही हव्या तेव्हा, काही एका चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. हिशोब चोख होता. तरीही योद्धा आणि जादूगार हातात घेतल्यावर सारखेच वाटतात, अशी अनेकांची तक्रार होती.

आता नातीच्या तलवारीचा हिशोब करू. वीस बाजूंच्या फाशात एक अंक म्हणजे 5 टक्के. तिचा वार दहातून सहा वेळा लागतो असं धरा. तलवारीला दोन अंकांची जास्त इजा दिली असती, तर फेरीला सरासरी 1.2ची भर पडली असती. किरकोळ. पण गोठवणं? चौघांच्या चार पाळ्या, ड्रॅगनची एकच. दहातल्या सहा फेऱ्यांत तीही गेली. तीच तलवार दहा भुतांसमोर वापरली तर दहांतली एकच पाळी जाईल. मोठी इजा मोजता येते. शत्रूची पाळी हिरावणाऱ्या शक्तीची किंमत मात्र समोर कितीजण आहेत त्यावर ठरते. घरी बनवलेल्या शक्ती बहुधा इथेच फसतात.

म्हणून आम्ही मुलांना चार प्रश्न दिले. किती वेळा? त्या बदल्यात काय देणार? समोरच्याला उत्तर देता येईल का? आणि, हे कुणाचं काम हिरावतं?

आपल्याकडे लहानपणी लपाछपीत कच्चं लिंबू असायचं, आठवतंय? धाकटं भावंड खेळात घ्यायचं, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. हा आपला घरचा नियमच की! त्याला सूट मिळायची, पण त्याने कुणाला शोधलं तरी ते मोजायचे नाहीत. सूट आणि तिची किंमत एकाच नियमात. आणि हेतू एकच, ते पोर ओट्यावर रडत बसू नये.

मुलांनी तलवार बदलली. आता ती एका लढाईत एकदाच गोठवते, शत्रूला फासा टाकून सुटण्याची संधी मिळते, आणि वार केल्यावर योद्ध्याची पुढची पाळी जाते. त्या पाळीत तिला कुणीतरी सांभाळावं लागतं. नातीने त्या मुलाला स्वतः फोन केला. गेल्या रविवारी ड्रॅगनने तिच्या योद्ध्याला जवळजवळ संपवलंच होतं, आणि तो मुलगा खुर्चीतून उठून ओरडत फासा टाकत होता.

ते हरले, हे सांगायचं राहिलं. पण रात्री साडेनऊपर्यंत उठायला कुणी तयार नव्हतं. आज इथेच थांबू. आपले प्रश्न असतील तर जरूर विचारा.