तारा तुटला की रॉकेट पडलं? सूरजागडच्या अंधारातून आकाशाचे फोटो काढायचा छंद

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याचा दिवस. संध्याकाळचे पावणेआठ होऊन गेले होते आणि विदर्भात ठिकठिकाणी लोक अंगणात येऊन वर बघत उभे होते. आकाशातून पेटत्या गोळ्यांची रांगच्या रांग चालली होती, मागे लांबलचक शेपट्या होत्या. खिशातले मोबाईल बाहेर आले आणि बघता बघता व्हॉट्सॲपवर व्हिडिओंचा पाऊस पडला. बहुतेकांनी खाली लिहिलं होतं, 'उल्कावर्षाव'.

पण त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी गावाजवळ, सुमारे तीन मीटर व्यासाची धातूची रिंग येऊन पडली. पुढे पवनपार परिसरात धातूचा एक गोळाही सापडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. रॉकेट आणि उपग्रहांच्या हालचालींवर नजर ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा चीनच्या 'चांग झेंग ३ बी' रॉकेटचा, फेब्रुवारी २०२१ च्या उड्डाणातला टप्पा असण्याची शक्यता आहे. इस्रोचं पथकही तुकड्यांची पाहणी करायला चंद्रपुरात आलं.

म्हणजे ज्याला सगळे उल्का म्हणत होते, ते परत येणारं रॉकेट होतं. आणि हे ओळखायचा पहिला पुरावा लोकांच्याच मोबाईलमध्ये होता.

व्हिडिओवरून फरक कसा कळतो?

उल्का म्हणजे अवकाशातला खडा. बहुतेक उल्का वाळूच्या कणापासून हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या असतात. त्या सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतात आणि जमिनीपासून साधारण ८० ते १२० किलोमीटर उंचीवर चमकून जळून जातात. आपण ज्याला 'तारा तुटला' म्हणतो तो हाच प्रकार. खरा तारा कुठेच जात नाही. सगळा खेळ साधारण एका सेकंदाचा असतो.

पृथ्वीभोवती फिरणारं रॉकेट खाली येतं तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ७-८ किलोमीटर असतो आणि ते जवळजवळ आडवं येतं. त्यामुळे ते आकाशात सावकाश सरकताना दिसतं, त्याचे तुकडे होतात आणि हा प्रकार मिनिटभरही चालू शकतो. आता साधा हिशोब करा. खिशातून मोबाईल काढून, कॅमेरा उघडून, शेजाऱ्याला हाक मारूनही जे वर दिसतच राहिलं, ते बहुतेक वेळा उल्का नसतं.

मग खरी उल्का फोटोत येणार कशी?

ती दिसल्यावर कॅमेरा काढून उपयोग नाही. ती येण्याआधीच कॅमेरा आकाशाकडे तोंड करून सुरू असावा लागतो. या छंदात महागड्या लेन्सपेक्षा दोन गोष्टी जास्त लागतात, धीर आणि अंधार. धीर ज्याचा त्याने आणायचा. अंधार मात्र गडचिरोलीत अजून आहे.

सूरजागड हे एटापल्ली तालुक्यातलं डोंगराळ जंगल. दर जानेवारीत इथे ठाकूरदेवाची यात्रा भरते. मुंबई-पुण्यात हातावर मोजण्याइतके तारे दिसतात. इथल्या एखाद्या गावात अमावस्येला अंगणात उभं राहिलं, तर आकाशगंगेचा पांढुरका पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आकाशगंगेच्या मधला सगळ्यात दाट भाग इथून क्षितिजावर सुमारे ४० अंश चढतो, म्हणजे झाडांच्या बराच वर. लंडनहून तोच भाग जेमतेम दहा अंश वर येतो.

कोणत्या रात्री जागायचं?

तशी वर्षभर रोज एखाददुसरी उल्का दिसतेच. पण काही ठरावीक रात्री पृथ्वी धूमकेतूने किंवा लघुग्रहाने मागे टाकलेल्या धुळीच्या पट्ट्यातून जाते. त्यालाच उल्कावर्षाव म्हणतात.

* १३-१४ डिसेंबर, मिथुन राशीतला वर्षाव : आपल्याकडे सगळ्यात भरवशाचा. १९८३ मध्ये सापडलेल्या फेथन या लघुग्रहाची ही धूळ. धान कापून झालेलं असतं, बांध्या मोकळ्या असतात आणि आकाश बहुधा स्वच्छ असतं. रात्री नऊनंतर सुरुवात होते, मध्यरात्रीनंतर जोर वाढतो.
* २१-२२ ऑक्टोबर, मृग नक्षत्राजवळचा वर्षाव : हॅलेच्या धूमकेतूची धूळ. उल्का वेगवान, सेकंदाला ६६ किलोमीटर.
* १७-१८ नोव्हेंबर, सिंह राशीतला वर्षाव : एरवी संख्या कमी, पण वेग जवळपास ७१ किलोमीटर.
* ५-६ मे, कुंभ राशीतला वर्षाव : हीसुद्धा हॅलेचीच धूळ. पहाटे तीननंतर बघायचा.
* १२-१३ ऑगस्ट, ययातीमधला वर्षाव : जगभर सगळ्यात जास्त चर्चा याचीच होते. पण तेव्हा पूर्व विदर्भात पावसाळा असतो, त्यामुळे ढगांनी वाट दिली तरच.

बातम्यांमध्ये 'तासाला १५० उल्का' असं छापून येतं. तो आकडा पूर्ण काळोख असेल आणि वर्षावाचा केंद्रबिंदू थेट डोक्यावर असेल, तेव्हाचा असतो. प्रत्यक्षात त्याहून कमीच दिसतात.

तारखेबरोबर तिथीही बघा. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, कृष्ण अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. पौर्णिमेच्या आसपास फक्त अगदी ठळक उल्का हाती लागतात. भिंतीवरचं कॅलेंडर इथे ॲपइतकंच कामाचं आहे.

उभं कुठे राहायचं?

जंगलात आत शिरायचं नाही. हे हौशी लोकांना आवर्जून सांगावं लागतं. गडचिरोली-चंद्रपुरात वाघ आणि माणूस यांच्यातला संघर्ष रोजच्या जगण्याचा भाग आहे. साप, अस्वलं आहेत. हा भाग सुरक्षा दलांच्या हालचालींचाही आहे. अनोळखी माणूस रात्री रानात दिवा घेऊन फिरताना दिसला तर प्रश्न विचारले जाणारच. खाणीच्या हद्दीत तर परवानगीशिवाय जाताच येत नाही.

घराचं अंगण, शाळेचं पटांगण, स्लॅबची गच्ची, गावालगतचं खळं एवढी जागा पुरते. बाहेरून जाणाऱ्यांनी मुक्काम गावातच करावा, पोलीस पाटलांना कळवावं आणि एकट्याने बसू नये. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात. तेवढा वेळ मोबाईलच्या स्क्रीनकडे बघू नका. टॉर्चवर लाल जिलेटीन कागद लावला की काम भागतं.

मोबाईल असेल तर

१. मोबाईल हातात धरायचा नाही. ट्रायपॉड नसेल तर दोन विटांच्या आधाराने उभा करा.

२. कॅमेऱ्यात 'प्रो' मोड असेल तर आयएसओ १६०० ते ३२००, शटर १५ ते ३० सेकंद आणि फोकस 'अनंत' म्हणजे डोंगराच्या चिन्हावर ठेवा. काही फोनमध्ये ताऱ्यांसाठी वेगळा मोड असतो. गुगलने २०१९ मध्ये पिक्सेल ४ मध्ये तो आणला, त्यात एक फोटो चार मिनिटांपर्यंत घेतला जातो.

३. फ्लॅश बंद. टायमर तीन सेकंदांवर, म्हणजे बोट लागून फोन हलणार नाही.

कॅमेरा असेल तर

सोबत मिळणारी १८-५५ ची साधी लेन्सही चालते. ती १८ वर ठेवा, ॲपर्चर जितकं उघडेल तितकं उघडा, आयएसओ ३२०० आणि शटर १५ ते १८ सेकंद. याहून जास्त वेळ दिला तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांचे ठिपके रेघा होतात. आकाश तासाला १५ अंश सरकतं.

ऑटोफोकस बंद करा. व्याधासारखा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून बघा आणि तो सगळ्यात बारीक ठिपका होईपर्यंत रिंग फिरवा. मग रिंगला चिकटपट्टी लावून टाका. यानंतर एकामागून एक फोटो आपोआप निघत राहतील अशी सोय करा. वीस सेकंदांचा एक धरला तरी तासाला १८० फोटो होतात. त्यात पाच-सहा उल्का सापडल्या तर रात्र चांगली गेली म्हणायची.

इथे अनेकांची एक चुकीची समजूत असते. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं म्हणून उल्का जास्त ठळक येत नाही. ती सेकंदभरात निघून जाते, त्यानंतर फक्त मागचं आकाश उजळत राहतं. उल्का ठळक यायला मोठं ॲपर्चर आणि जास्त आयएसओ लागतो. डिसेंबरात आणखी एक त्रास, दंव. लेन्सवर ओल धरली की सगळं धूसर येतं. दर अर्ध्या तासाने काच बघा, लेन्सभोवती कोमट कापड गुंडाळा आणि जादा बॅटरी खिशात उबेला ठेवा.

फोटोत आली ती उल्काच, कशावरून?

* विमान : ठिपक्या-ठिपक्यांची रेघ, लाल-हिरवे दिवे, सलग अनेक फोटोंत.
* उपग्रह : एकसारखी पांढरी रेघ, पुढच्या फोटोत ती आणखी पुढे गेलेली.
* उल्का : बहुधा एकाच फोटोत, दोन्ही टोकांना निमुळती, पुष्कळदा सुरुवातीला हिरवट छटा असलेली. वर्षावातली उल्का असेल तर रेघ मागे वाढवल्यावर ती केंद्रबिंदूपाशी पोहोचते.

इन्स्टाग्रामवर एकाच फोटोत तीस-चाळीस उल्का दिसतात, ते रात्रभरातले फोटो एकावर एक जोडलेले असतात. त्यात गैर काही नाही, फक्त तसं खाली लिहावं.

छंद म्हणून ठीक, पण उपयोग काय?

फोटोची अचूक वेळ, ठिकाण आणि दिशा लिहून ठेवली की तो पुरावा होतो. एकच उल्का दोन वेगळ्या गावांतून टिपली गेली, तर दोन फोटोंतल्या फरकावरून तिची उंची आणि मार्ग काढता येतो. मोठा अग्निगोळा दिसला तर आंतरराष्ट्रीय उल्का संघटनेच्या संकेतस्थळावर कुणीही सामान्य माणूस नोंद करू शकतो. २०२२ च्या व्हिडिओंपैकी ज्यांवर वेळ आणि गाव होतं, ते कामाचे. 'फॉरवर्डेड' होत आलेले बाकीचे नुसतेच बघण्याचे. म्हणून फोनची वेळ बरोबर ठेवा, लोकेशन चालू ठेवा आणि चौकटीत एखादं झाड, टाकी किंवा देवळाचा कळस येऊ द्या. दिशा त्यावरून कळते.

आणि हा अंधार किती दिवस?

सूरजागडच्या डोंगरात लोहखनिज आहे. २०१६ मध्ये तिथे खाणकाम सुरू झालं, मध्ये थांबलं आणि २०२१ पासून पुन्हा जोरात चालू झालं. खाणीविरोधात आंदोलनं झाली, रोजगाराच्या बाजूनेही लोक उभे राहिले. जंगल, पाणी, रस्ते, धूळ यांवर बोललं जातं. रात्रीच्या उजेडाचा विषय मात्र क्वचितच निघतो. मोठ्या कामाच्या जागेवरचे दिवे, ट्रकांच्या रांगा आणि हवेतली धूळ एकत्र आली की उजेड वर पसरतो आणि क्षितिजावर पिवळसर घुमट दिसायला लागतो. त्या घुमटात अंधूक तारे आणि बारीक उल्का बुडून जातात.

यावर उपाय आहे आणि तो शेजारीच आहे. नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून फक्त खाली उजेड टाकणारे बसवले गेले. गाव अंधारात गेलं नाही, फक्त उजेड वर जायचा थांबला. हे काम खाणीच्या दिव्यांबाबतही करता येतं.

इथेही फोटोवाला उपयोगी पडतो. दरवर्षी डिसेंबरच्या अमावस्येला, त्याच जागेवरून, त्याच दिशेला, त्याच सेटिंगवर एक फोटो काढून ठेवायचा. चार-पाच वर्षांनी हे फोटो शेजारी शेजारी ठेवले, की आकाश उजळलं की तसंच राहिलं यावर वाद घालावा लागत नाही. ग्रामसभेत ते फोटो मांडता येतात.

शिवाय या आकाशाला इथल्या माणसांनी दिलेली नावं आहेत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे तत्कालीन संशोधक मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोंड समाजाच्या खगोलज्ञानाची नोंद केली आहे. त्यात सप्तर्षींचे चौकोनातले चार तारे म्हणजे खाट आणि मागचे तीन म्हणजे ती पळवायला आलेले चोर. मृग नक्षत्र म्हणजे नांगर. पुढच्या वेळी मृगाचा फोटो टाकताना खाली नुसतं इंग्रजी नाव लिहिण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा, याला तुमच्याकडे काय म्हणतात? जे सांगतील तेही वेळ आणि जागेसोबत फोटोखाली लिहून ठेवा.