अर्धशिशीवरील नासामार्गी औषधे

अर्धशिशीच्या (मायग्रेनच्या) झटक्यात नाकाच्या श्लेष्मल त्वचेतून शोषली जावीत अशा रीतीने तयार केलेल्या औषधांना नासामार्गी औषधे म्हणतात. ती प्रामुख्याने फवारा किंवा भुकटीच्या स्वरूपात असतात.

गरज

झटका आला की अनेक रुग्णांना मळमळ व उलट्या होतात. जठराची हालचालही मंदावते. त्यामुळे गिळलेली गोळी पोटात रेंगाळते किंवा उलटून पडते. औषधाची निकड सर्वाधिक असते नेमक्या त्याच वेळी तोंडाचा मार्ग भरवशाचा राहत नाही. इंजेक्शन लवकर गुण देते, परंतु ते स्वतः टोचून घेणे सर्वांना जमत नाही.

आयुर्वेदात अर्धावभेदकावर नस्य सांगितले आहे आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील विसावा अध्याय नस्याविषयीच आहे. तथापि नस्य व आजचे फवारे यांची द्रव्ये आणि मात्रा भिन्न असल्याने दोन्ही एकच मानणे योग्य नव्हे.

रचनेतील अडचणी

नाकपुडीत एका वेळी फार थोडा द्रव मावतो. फवाऱ्याची एक मात्रा साधारणतः ०.१ मिलिलिटर असते. शिवाय नाकातील सूक्ष्म केसल पेशी तेथील श्लेष्मा १५ ते २० मिनिटांत घशाकडे ढकलतात. म्हणून औषध अल्प मात्रेत परिणामकारक व चांगले विरघळणारे असावे लागते.

अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळालेला सुमाट्रिप्टानचा फवारा हे याचे बोलके उदाहरण होय. त्यातील औषधाचा सुमारे सहावा हिस्साच रक्तात पोहोचतो, म्हणजे जवळपास गोळीइतकाच, कारण बराचसा द्रव घशात उतरून गिळला जातो. कडू चव लागते ती यामुळेच. मात्र नाकातूनच शोषला जाणारा अंश लवकर रक्तात मिसळतो आणि काही रुग्णांना १५ मिनिटांत आराम पडू लागतो.

यावर दोन उपाय पुढे आले. २०१६ साली मान्य झालेल्या भुकटीच्या उपकरणात रुग्ण तोंडाने फुंकर घालतो. त्या वेळी मऊ टाळू वर उचलला जाऊन नाक व घसा यांमधील वाट बंद होते आणि औषध नाकात खोलवर बसते. २०१९ सालच्या फवाऱ्यात शोषणवर्धक द्रव्य मिसळून मात्रा १० मिलिग्रॅमवर आणली गेली.

मुंबईतील संशोधन

माटुंगा येथील रसायन तंत्रज्ञान संस्थेत (पूर्वीची यूडीसीटी) वंदना पत्रावळे व सहकाऱ्यांनी झोल्मिट्रिप्टान हे औषध सुमारे २३ नॅनोमीटर आकाराच्या मिसेल कणांत बसवून नाकावाटे मेंदूपर्यंत नेण्याचा अभ्यास केला. तो २०१० साली 'फार्मास्युटिकल रिसर्च' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हे प्रयोग प्राण्यांवरचे आहेत. उंदीरवर्गीय प्राण्यांत गंधग्राही त्वचेचे प्रमाण माणसापेक्षा बरेच अधिक असते, त्यामुळे असे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मर्यादा

ट्रिप्टान गटातील औषधे रक्तवाहिन्या आकुंचित करतात, म्हणून हृदयविकार वा पक्षाघात झालेल्यांना ती देत नाहीत. ती महिन्यातून दहा किंवा अधिक दिवस सातत्याने घेतल्यास औषधामुळेच डोकेदुखी जडू शकते. २०२३ साली अमेरिकेत मान्य झालेला झॅव्हेजेपँटचा फवारा निराळ्या गटातील असून तो रक्तवाहिन्या आकुंचित न करता सीजीआरपी या वेदनावाहक प्रथिनाची क्रिया रोखतो.