चोवीस, पंचवीस की तीस?

व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मेन्यूत एक आकडा निवडावा लागतो. २४, २५, ३०, हल्ली ६० सुद्धा. एका सेकंदात किती चित्रं टिपायची, त्याचा हा आकडा. याला फ्रेम रेट म्हणतात. बहुतेक जण त्याच्या वाटेला जात नाहीत. मला मात्र कधीपासून कुतूहल होतं, की हेच आकडे का? शोधत गेल्यावर कळलं, की एक आकडा कानानं ठरवलाय आणि बाकीचे विजेच्या तारेनं. डोळ्याला फारसं कुणी विचारलेलंच नाही!

ल्युमिएर बंधूंनी १८९५ च्या डिसेंबरात पॅरिसला हलती चित्रं दाखवली आणि ७ जुलै १८९६ ला ती मुंबईत वॉटसन हॉटेलात आली. तेव्हा सेकंदाला साधारण १६ चित्रं. कॅमेऱ्याचा दांडा हातानं फिरवायचा, त्यामुळे हात थकला की वेग उतरायचा. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) याच काळातला. वेग थोडा मागेपुढे झाला तरी डोळा चालवून घेतो.

कान चालवून घेत नाही. १९२७ साली 'द जाझ सिंगर' आला, पडद्यावरचा माणूस गाऊ-बोलू लागला आणि घोळ झाला. वेग बदलला की गाणाऱ्याची पट्टीच बदलते. मग मोटर आली आणि मिनिटाला ९० फूट फिल्म असा वेग पक्का झाला. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं मावतात. करा हिशेब... सेकंदाला बरोबर २४. आपला 'आलम आरा' १९३१ साली आला, तोवर हे ठरून गेलं होतं.

याचा फटका बसला आधीच्या माणसांना. सोळाच्या वेगानं टिपलेलं चोवीसनं दाखवलं, की सगळं दीडपट वेगानं घडतं. जुन्या मूक चित्रफितींत गांधीजी जवळजवळ पळताना दिसतात ते आठवा. ते झपझप चालायचे हे खरंच, पण त्यातलं त्यांचं किती आणि यंत्राचं किती, ते नुसतं बघून सांगता येत नाही. पीटर जॅक्सननं २०१८ साली पहिल्या महायुद्धातल्या चित्रफितींचा वेग दुरुस्त करून माहितीपट केला. एरवी विनोदी वाटणारे ते सैनिक एकदम आपल्यासारखे चालू लागले.

मग टीव्ही आला आणि वीज मधे पडली. अमेरिकेत वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, म्हणून तिथे ३० चित्रं. १९५३ साली रंग आले, तेव्हा रंगाचा संदेश आवाजाच्या संदेशाला त्रास देऊ नये म्हणून ३० चे २९.९७ झाले. ते अपूर्णांकाचं शेपूट अजून आहे. युरोपात आणि आपल्याकडे वीज ५० आवर्तनांची, म्हणून २५. १९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही पंचवीसवरच. गंमत बघा, २४ चा सिनेमा टीव्हीवर २५ नं धावायचा, म्हणजे दोन तासांचा सिनेमा पाचेक मिनिटं आधीच संपायचा आणि गाण्याची पट्टी किंचित चढायची. :)

असो. आता घरच्या मंडळींसाठी. पुढच्या महिन्यात आत्याचं सहस्रचंद्रदर्शन. न्यू जर्सीची भाचरंही येताहेत आणि प्रत्येकाच्या हातात फोन असणार. तेव्हा विनंती, की सगळ्यांनी २५ वर ठेवा. सेटिंगमध्ये 'पाल' असं काही दिसलं तर ते चालू करा, २५ तिथे मिळेल. कारणं दोन. एक म्हणजे वाड्यातल्या जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/५० असेल तर प्रत्येक चित्रात बरोबर दोन लुकलुकी येतात आणि उजेड सारखा राहतो. १/६० ठेवलंत तर हिशेब जुळत नाही, चित्रावर पट्टे सरकतात. दुसरं म्हणजे काकांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट पंचवीसचीच आहे. तिच्याशी जोडताना तिसातलं दर सहावं चित्र गाळावं लागेल आणि चाल अडखळेल.

साठ का नको? नातवंडांच्या क्रिकेटला खुशाल घ्या. पण २०१२ साली 'द हॉबिट' ४८ नं दाखवला, तेव्हा तो टीव्हीसारखा वाटतो अशी पुष्कळांची तक्रार होती. सवयीचा भाग आहे झालं.

आत्या आता भिंतीला हात लावत चालते. दर चार पावलांनी थांबते, कुणाची तरी चौकशी करते, मग पुढे जाते. तिला न पाहिलेली पोरं पुढे कधीतरी हे बघतील. त्यांना ती याच चालीनं चालताना दिसायला हवी.

तेव्हा २५ आणि १/५०. येताना लक्षात ठेवा.