वायरिंग दुरुस्ती, जुन्या वाहनांतील
जुन्या ट्रॅक्टर, जीप व मालवाहू गाड्यांतील जळालेल्या, तुटलेल्या किंवा गंजलेल्या वायरिंगमधला दोष शोधून तो दूर करण्याचे काम. जळगावलगतच्या असोद्यासारख्या शेतीच्या गावांत उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जातो; वर्षानुवर्षांच्या उष्णतेने वायरीवरचे प्लॅस्टिक कडक होऊन तडकते, उंदीरही ते कुरतडतात. हेडलाइट मिणमिणला की अनेक जण थेट बॅटरी बदलतात. त्याआधी अर्थिंग तपासलेच पाहिजे. १२ व्होल्टच्या गाडीत दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरा दिव्याच्या अर्थ वायरीला लावावा. अर्ध्या व्होल्टहून अधिक आकडा दिसला, तर अर्थचा सांधा गंजलेला किंवा सैल असतो; तो चकाकेपर्यंत घासून घट्ट आवळावा. जळालेल्या वायरीच्या जागी तेवढ्याच जाडीची वायर घालतात. फ्यूजऐवजी तांब्याची तार गुंडाळणे घातकच. शॉर्ट झाल्यास त्याने गाडी पेटू शकते.